क्युरेटिंग म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द आला कुठनं?

वडगावची_सून
नमस्कार मंडळी. सासूबाईंची हेल्थ पॉलिसी काढायची चालू आहे, त्यासाठी जुनी फाईल बाहेर काढली तर एक पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड सापडलं. त्यावर 'डी अँड सी डन, क्युरेटिंग्ज सेंट फॉर एचपीई' असं डॉक्टरी अक्षरात खरडलंय. एजंटनं ते बघितलं आणि फॉर्मवर सरळ 'गर्भपात' लिहून मोकळा. सासूबाई जाम भडकल्यात, म्हणतात मला तेव्हा पन्नाशी आलेली, पाळी थांबतच नव्हती म्हणून पिशवी साफ केली, गर्भपात कसला डोंबलाचा. आता फॉर्म तसाच पडून आहे. त्या या शब्दाला 'कोरटिंग' म्हणतात आणि त्यांचं ठाम मत आहे की हे आपल्या कोरण्यावरनं आलंय. आमचे हे म्हणतात क्युअरवरनं. कोण बरोबर? आणि एजंटला काय सांगू?

निपाणीचा_तंबाखूवाला
माझं मत सासूबाईंना. कोरणे मराठीत आहेच, आणि कानडीत बघा, शेतात बोअर मारायला येतात ती माणसं 'बोअर कोरसोदु' म्हणतात की नाही? अंग खाजवायला 'केरेयोदु'. कोर, केर, खरवड, कुरतड, सगळ्यात क आणि र हायच की. इंग्रजांनी इथनंच उचललं असणार.

शब्दवेडा_चिक्कोडी
तंबाखूवाले, क आणि र दिसला म्हणून सोयरीक जुळवायची तर करवंद आणि कारवार पण त्याच घरातले म्हणायचे. मराठी कोरणे आणि कानडी कोरे यांचं आपसात साम्य आहे ते खरंय, पण क्युरेटिंगचा त्यांच्याशी काही संबंध नाही. सविस्तर रात्री लिहितो, आता दुकानात गिऱ्हाईक आहे.

ओटीतली_सिस्टर
शब्दाचं ते सांगतील, काम काय असतं ते मी सांगते. बेळगावात ऑपरेशन थिएटरला नोकरी करूनच रिटायर झाले मी.

क्युरेट हे हत्याराचं नाव. स्टीलचा लांब दांडा, टोकाला छोटा चमचा नाहीतर नुसतं कडं. बऱ्याच क्युरेटला दोन्हीकडं तोंड असतं, एक धारेचं आणि एक बोथट. त्यानं खरवडणं म्हणजे क्युरेटिंग किंवा क्युरेटाज. डी अँड सी मधला डी म्हणजे डायलेटेशन, पिशवीचं तोंड रुंद करणं. आधी स्पेक्युलम, म्हणजे वाट उघडी धरायचं हत्यार, लावायचं, तोंड चिमट्यात धरायचं, साउंड म्हणून एक सळी असते ती घालून आतली लांबी मोजायची, मग हेगारचे डायलेटर एकामागनं एक, बारीकपासनं जाडपर्यंत. त्यावर नंबर असतात ते मिलिमीटरचे. तोंड पुरेसं उघडलं की क्युरेट आत घालून वरनं खाली ओढत सगळ्या बाजूंचं अस्तर खरवडायचं. आतलं निघालं की हाताला खरखर लागायला लागते, सर तिथं थांबायचे. नवीन डॉक्टरला ती खरखर ओळखायला शिकवावी लागते, पुस्तकातनं कळत नाही.

आणि ट्रेमध्ये जे खरवडून येतं त्याला 'क्युरेटिंग्ज' म्हणतात. ते तपासणीला जातं, एचपीई म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. बाटलीत फॉर्मलिन घालायचं. पण टीबीचा संशय असला तर थोडा तुकडा वेगळा सलाईनमध्ये, कारण फॉर्मलिननं जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, ते काय कपाळ येणार! नवीन मुली इथंच चुकायच्या आणि बोलणी आम्ही खायचो.

सूनबाई, तुझ्या कार्डावर जे 'क्युरेटिंग्ज' लिहिलंय ते हेच. पिशवीत काय होतं हे त्या शब्दावरनं अजिबात कळत नाही.

खानापुरी_पोरगं
म्हणजे आपल्या कुंद्याची कढई खरवडतात तसं?

ओटीतली_सिस्टर
तसंच समज, पण कढईचा तळ उघडा पडेपर्यंत खरवडायचं नाही बरं का. वरचा थर दर महिन्याला पाळीत जातोच, तो परत खालच्या थरातनं उगवतो. तो खालचा थरच खरवडला गेला तर आत चिकटून बसतं, पाळी कमी होते नाहीतर बंदच होते, पुढं दिवस राहायला अडचण. ॲशरमन सिंड्रोम म्हणतात त्याला, ॲशरमन नावाच्या डॉक्टरनं १९४८ साली लिहिलं त्यावर. म्हणून सारखंसारखं क्युरेटिंग करून घेणं बरं नव्हे.

शब्दवेडा_चिक्कोडी
हं, आता बसलो निवांत.

मूळ लॅटिन 'कुरा'. अर्थ काळजी, देखभाल, निगा. त्याचं क्रियापद 'कुरारे', काळजी घेणे. तिथनं फ्रेंचमध्ये 'क्युरे' झालं आणि तिकडं त्याचा अर्थ घसरत घसरत साफ करणे, आतली घाण काढणे असा झाला, विहीर उपसणे, गटार साफ करणे याला पण ते क्रियापद चालतं. साफ करायचं छोटं हत्यार ते 'क्युरेट', आणि त्या हत्यारानं करायची क्रिया 'क्युरेटाज'. मसाजमधला आणि सॅबोटाजमधला 'आज' तोच. इंग्रजीनं हत्यार पण घेतलं आणि क्रिया पण घेतली, वर आपला 'इंग' जोडून क्युरेटिंग केलं, आणि आपल्याकडं डॉक्टरांच्या तोंडनं तेच आलं. म्हणून आपण क्युरेटाज म्हणत नाही, क्युरेटिंग म्हणतो.

पिशवीसाठी हे हत्यार आणलं पॅरिसच्या जोसेफ रेकामिए यांनी, १८४० च्या दशकात. जन्म १७७४, मृत्यू १८५२. स्पेक्युलम परत वापरात आणणाऱ्यांत पण त्यांचंच नाव घेतात. डायलेटरवाले हेगार मात्र जर्मन, फ्रायबुर्गचे, १८३० ते १९१४. म्हणजे डी अँड सी मधला डी जर्मनांकडनं आणि सी फ्रेंचांकडनं, असं गमतीनं म्हणायला हरकत नाही.

आता वहिनींच्या घरचं भांडण. क्युअर म्हणजे बरं करणं, तो शब्द पण कुरावरनंच. त्यामुळं साहेबांचा नेम जवळ लागला, पण क्युरेटिंग क्युअरवरनं निघालेलं नाही, दोघं एका आजीची नातवंडं. मॅनिक्युअर, पेडिक्युअर त्यातलेच. म्युझियमचा क्युरेटर त्यातलाच, वस्तूंची निगा राखणारा. सिक्युअर म्हणजे काळजी नसलेला. ॲक्युरेट, क्युरियस, तेही. आणि भांडी घासणे याला इंग्रजीत स्कावर म्हणतात तो शब्द पण लांबनं का होईना कुरालाच जाऊन मिळतो.

खानापुरी_पोरगं
काका भारीच. मग ते क्युरारे नावाचं विष असतंय बघा बाणाला लावायचं, ते पण काळजीवालंच काय 😄

शब्दवेडा_चिक्कोडी
नाही रे बाबा. ते दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या भाषेतनं आलंय. दिसायला सारखं, नातं शून्य. तंबाखूवाल्यांच्या केर-कोरसारखंच.

निपाणीचा_तंबाखूवाला
घ्या, परत आमच्यावरच आलं सगळं.

शहापूर_बीएएमएस
मी आयुर्वेदाची विद्यार्थिनी, जरा मध्ये बोलते. शस्त्रानं खरवडणे याला आमच्याकडं शब्द आहे 'लेखन'. चेष्टा नाही, खरंच. सुश्रुतसंहितेत आठ प्रकारची शस्त्रकर्मं सांगितलीत: छेदन, भेदन, लेखन, वेधन, एषण, आहरण, विस्रावण आणि सीवन. लेखन म्हणजे स्क्रेपिंग. मंडलाग्र आणि करपत्र ही हत्यारं छेदनाला आणि लेखनाला वापरावीत असं सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात आहे.

पुढच्या अध्यायात तर शिष्यांनी सराव कशावर करायचा तेही दिलंय. छेदन शिकायचं तर कोहळा, भोपळा, काकडी असल्या फळांवर. वेधन मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. आणि लेखन शिकायचं ताणून बसवलेल्या केसाळ चामड्यावर. वर्गात हे वाचताना सगळे हसलेले, पण विचार केला तर किती नेमकं आहे, केस खरवडून निघाले पाहिजेत पण चामडं फाटता कामा नये. सिस्टर, तुम्ही म्हणता ती हाताला कळणारी खरखर, तिची प्रॅक्टिस अशी करायचे.

लिहिणे या अर्थाचं लेखन पण त्याच 'लिख्' धातूचं, मूळ अर्थ ओरखडणे. ताडपत्रावर लोखंडी लेखणीनं अक्षर ओरखडायचे आणि वर काजळी चोळायचे, म्हणजे दिसायला लागायचं.

शब्दवेडा_चिक्कोडी
वा! आणि इंग्रजी 'राईट' चा पण जुना अर्थ ओरखडणेच होता.

टिळकवाडी_रिटायर्ड
आलंच. आता कोणीतरी म्हणणार की डी अँड सी सुश्रुतानंच शोधली आणि फ्रेंचांनी पळवली.

शहापूर_बीएएमएस
नाही हो काका, मी तसं म्हटलेलंच नाही. सुश्रुतानं लेखनाला योग्य म्हणून जे रोग दिलेत त्यात रोहिणी या घशाच्या रोगाचे चार प्रकार, उपजिह्विका म्हणजे जिभेची सूज, अर्श म्हणजे मूळव्याध, ग्रंथी म्हणजे गाठी अशी नावं आहेत. डोळ्याच्या पापणीच्या रोगांवर तर वेगळा अध्याय आहे, तिथं पापणी उलटून शस्त्रानं किंवा पानांनी खरवडायला सांगितलंय. त्या यादीत पिशवीचं खरवडणं नाही. क्रिया तीच, जागा वेगळी. आणि आमच्यात लेखन औषधांना पण म्हणतात, मेद खरवडून काढणारी ती लेखनीय, हळद, नागरमोथा, वेखंड, चित्रक वगैरे. वजन कमी करायला येणाऱ्या पेशंटला आमचे सर लेखन बस्ती, म्हणजे औषधाचा एनिमा, सांगतात तेव्हा पेशंट वही-पेन आणू का विचारतो.

टिळकवाडी_रिटायर्ड
मग ठीक. हे वही-पेनचं आवडलं.

संकेश्वरचा_डेंटिस्ट
क्युरेट फक्त पिशवीचंच नसतं हे सांगायला आलो. हाडातली गाठ खरवडतात ते क्युरेटाज, कानातला मळ काढायचं क्युरेट, लहान पोरांच्या ॲडेनॉइडचं, म्हणजे नाकामागच्या गाठीचं, वेगळं. आणि आमच्याकडं हिरड्यांचं. दातावरचा दगड काढायला स्केलर, त्याचं टोक अणकुचीदार, ते हिरडीच्या वर. हिरडीच्या आत उतरायचं असेल तर क्युरेट, त्याचं टोक गोल, म्हणजे आतलं मांस फाटत नाही. ग्रेसी क्युरेटचा सेट प्रत्येक डेंटिस्टकडं असतो.

एकदा एका मावशींना म्हटलं, हिरडीचं क्युरेटाज करावं लागेल. त्या खुर्चीतनं उठल्याच, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, डॉक्टर, माझं ऑपरेशन झालंय, मला दिवस कशाला जातील. तेव्हापासनं मी 'खोल सफाई' म्हणतो.

खानापुरी_पोरगं
😂😂 दिवस कशाला जातील!!

भालकीकर
आमच्याकडं बीदर साईडला सरळ 'सफाई' म्हणतात, मराठी घरात पण आणि दखनी बोलणाऱ्यांत पण. यातनं घोळ असा होतो की पिशवी साफ केली आणि पिशवी काढली यातला फरक सांगणाऱ्याला पण कळत नाही नि ऐकणाऱ्याला पण. आमच्या चुलतीचं पिशवी साफ केलेलं, गावात बातमी पसरली पिशवी काढली, आणि वर्षभरानं तिला पोरगी झाली तेव्हा म्हाताऱ्या बायका देवीची कृपा म्हणून ओटी भरायला आल्या.

कारवारी_बांगडा
जहाजावर होतो तेव्हाचं आठवलं. तुर्की लोक गर्भपातालाच 'कुर्ताज' म्हणतात, हाच फ्रेंच शब्द. इंडोनेशियाच्या पोरांकडं 'कुरेत'. म्हणजे तो एजंट एकटाच नाही, अर्ध्या जगानं हत्याराचं नाव उचलून गर्भपाताला चिकटवलंय.

अनगोळची_काकू
मी रोज वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. हा शब्द आमच्या पिढीतल्या बायकांनी कधी मोठ्यानं उच्चारला नाही. माझं तिसऱ्या महिन्यात आपोआप पडलं होतं, थोडं आत राहिलं म्हणून क्युरेटिंग करावं लागलं. नर्स कानडी, ती म्हणाली 'गर्भचीला स्वच्छ माडतार', तेवढं मला समजलं, चील म्हणजे पिशवी आपल्यासारखंच. पण सही घ्यायला जो कागद पुढं केला तो वर कानडीत आणि खाली इंग्रजीत, आणि मी शिकले मराठी शाळेत सातवीपर्यंत. कोणी वाचून दाखवलं नाही, कुठं सही करायची तेवढं बोट ठेवून दाखवलं. मागनं गल्लीत झालं काय, हिनं पाडून घेतलं. सासरी माझ्या जाऊबाईंनी कित्येक वर्षं तेच धरून ठेवलं. बाळ गेल्याचं रडू तर मला येऊच दिलं नाही त्यांनी. एजंट म्हणजे परका माणूस झाला, घरातल्यांनी काय वेगळं केलं? सूनबाई, तू सासूच्या बाजूनं उभी राहिलीस हे वाचून बरं वाटलं.

वडगावची_सून
काकू 🙏 काय लिहू कळेना. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या त्यांना घरी घेऊन ये.

ओटीतली_सिस्टर
काकू, तुम्ही म्हणता ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. कागद पेशंटला समजेल त्या भाषेत सांगून मग सही घ्यायची असते, बेळगावात राहून मराठी सांगणारं माणूस मिळत नाही असं कोणी म्हणू नये. आणि अजून एक, बऱ्याच जणींना माहीत नसतं. कायद्यानं गर्भपात करायचा असला तरी बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. १९७१ च्या एमटीपी, म्हणजे वैद्यकीय गर्भपाताच्या, कायद्यात तसंच आहे. त्यासाठी फॉर्म सी म्हणून वेगळा संमतीचा कागद असतो.

आता सूनबाई, तुझ्या कामाचं. कार्डावर 'डायग्नोसिस' चा रकाना बघ. डी अँड सी ही केलेली क्रिया झाली, कारण त्या रकान्यात असतं. गर्भपात केला असता तर एमटीपी लिहितात, आपोआप पडून थोडं राहिलं असेल तर इनकम्प्लीट ॲबॉर्शन. काय लिहिलंय तिथं?

वडगावची_सून
सिस्टर, भिंग लावून वाचलं. 'डीयूबी' असं दिसतंय. खाली हिमोग्लोबिन आणि रक्ताच्या गोळ्या.

ओटीतली_सिस्टर
झालं की मग. डीयूबी म्हणजे हार्मोनच्या गडबडीनं पाळीचा जास्त रक्तस्राव. हल्ली हा शब्द डॉक्टर वापरत नाहीत, २०११ नंतर एयूबी म्हणतात आणि त्याखाली कारणं वेगवेगळी लिहितात, पण जुन्या कार्डांवर डीयूबीच सापडतं. पन्नाशीला एवढा रक्तस्राव झाला की आत कॅन्सर वगैरे नाही ना हे बघायलाच अस्तर काढून तपासतात. म्हणूनच एचपीईला पाठवलं. आता त्यासाठी बहुतेक वेळा एवढं पण करत नाहीत, बारीक नळीनं ओपीडीतच अस्तर ओढून घेतात, नाहीतर हिस्टेरोस्कोपी, दुर्बिणीनं आत बघून संशय असेल तिथलाच तुकडा.

खानापुरी_पोरगं
सिस्टर, मग गर्भपाताला तरी अजून खरवडतात काय?

ओटीतली_सिस्टर
करायचं नाही असं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये धारेच्या क्युरेटनं खरवडणं कालबाह्य म्हटलंय, त्याऐवजी गोळ्या नाहीतर व्हॅक्यूम, म्हणजे नळीनं ओढून घेणं. त्यात पिशवीला इजा कमी. पण गंमत अशी की नळीनं केलं तरी पेशंटचे नातेवाईक क्युरेटिंगच म्हणतात, आणि डॉक्टर पण नातेवाइकांशी बोलताना तेच म्हणतात, कारण सक्शन इव्हॅक्युएशन कोण समजावत बसणार. हत्यार कपाटात गेलं तरी नाव चालूच आहे. गोळ्यांवरनं आठवलं, मेडिकलमधनं आपल्या मनानं आणून घेऊ नका कोणी, अर्धवट राहिलं की बाई रक्तात न्हाऊन येते आणि मग रात्री दोनला आमची पळापळ.

शब्दवेडा_चिक्कोडी
तर वहिनी, सासूबाईंना सांगा की कोरटिंग मराठी नसलं तरी त्यांनी केलेलं भाषांतर चुकीचं नव्हतं. खरवडणे जास्त जवळ, कोरण्यात खड्डा पडतो.

वडगावची_सून
त्यांना सांगितलं. म्हणतात फ्रेंच असो नाहीतर कानडी, मी कोरटिंगच म्हणणार. एजंटला फोन केला, तर तो म्हणतो मॅडम ॲपमध्ये डीयूबी असा पर्यायच नाही, स्त्रीरोगामध्ये गर्भपात, सिझेरियन, पिशवी काढणे आणि 'इतर' एवढंच येतंय.

ओटीतली_सिस्टर
'इतर' मध्ये टाकू दे. पुढं लिहायला लाव: जास्त रक्तस्रावासाठी तपासणी म्हणून डी अँड सी. एचपीईचा रिपोर्ट फाईलीत नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला कार्डावरचा आयपी, म्हणजे ॲडमिशनचा, नंबर घेऊन जा आणि लेखी अर्ज दे, जुनं असलं तरी विचारून बघायला काय जातंय. आणि फॉर्म सबमिट करायच्या आधी सासूबाईंना वाचून दाखव, मराठीत.

वडगावची_सून
हो. तो उद्या येतोय चहाला, त्यालाच वाचायला लावते.